ज्या नावाला आजी नव्हती

रशियन बाईचं एखादं नाव पटकन सांगा म्हटलं, तर आपल्याकडे ओल्गा, तात्याना, नताशा आणि स्वेतलाना ही नावं हमखास येतात. त्यातलं ओल्गा हे उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांचं ‘हेल्गा’. तात्याना आणि नताशा (म्हणजे कागदोपत्री नताल्या) ही रोमन मुळांची नावं, बायझंटाईन चर्चच्या संतमालिकेतून रशियात उतरलेली. म्हणजे तिघी बाहेरून आलेल्या, पण हजारेक वर्षांत घरच्या झालेल्या. चौघींत स्लाव्ह मातीतलं नाव एकच, स्वेतलाना, आणि वयानं सगळ्यांत धाकटंही तेच. १८०२ साली एका कवितेत ते पहिल्यांदा अवतरलं. त्याआधी कुणाच्या आजीचं, पणजीचं, गावातल्या सुईणीचं किंवा मठातल्या जोगिणीचं नाव स्वेतलाना असल्याचा दाखला नाही.

हे मला कळलं तेव्हा मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गाला रशियन शिकत होते. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं घरात होतीच, त्यातून ती नावं कानाला सवयीची झालेली. स्वेतलाना हे तर मला समोवारइतकं जुनं रशियन वाटायचं. ते एका माणसाने टेबलाशी बसून बनवलं आहे, हे ऐकल्यावर मला थोडं फसवल्यासारखं झालं. मग त्या माणसाविषयी वाचलं आणि रागच गेला.

त्याचं नाव अलेक्सांद्र वस्तोकव. जन्म १७८१, बाल्टिक समुद्रातल्या सारेमा बेटावर, जर्मन भाषक समाजात. तो बॅरन फॉन ऑस्टेन-झाकेन यांचा मुलगा, पण लग्नाबाहेरचा. अशा मुलांना बापाचं आडनाव देत नसत. त्याचा एखादा तुकडा देत. रशियन उमरावांत ही पद्धतच होती. त्रुबेत्स्कोय घराण्याच्या अनौरस मुलाला बेत्स्कोय, रेप्निनच्या मुलाला प्नीन, म्हणजे डोकं उडवायचं आणि उरलेलं हातावर ठेवायचं. ऑस्टेन-झाकेनच्या मुलाच्या वाट्याला ‘ऑस्टेनेक’ आलं. पुढे पीटर्सबर्गला शिकताना, जर्मन सोडून रशियन हीच आपली भाषा मानल्यावर त्याने त्या तुकड्याचंही भाषांतर केलं. जर्मन ‘ओस्ट’ म्हणजे पूर्व, रशियनमध्ये पूर्व म्हणजे ‘वस्तोक’. झाला वस्तोकव. आपलं आडनाव स्वतःच घडवणाऱ्या माणसाने काव्यातल्या नायिकेसाठीही नाव घडवलं, तर त्यात नवल ते काय?

तो तोतरा होता. बोलायला अडखळणारा हा माणूस पुढे रशियातल्या स्लाव्ह भाषाशास्त्राचा पाया घालणारा ठरला. अकराव्या शतकातल्या ‘ऑस्त्रोमिर गॉस्पेल’ या हस्तलिखिताची त्याने १८४३ साली काढलेली आवृत्ती अभ्यासकांना आजही ठाऊक असते. पण १८०२ मध्ये तो एकवीस वर्षांचा होता आणि जुन्या रशियातल्या वीरांच्या गोष्टी रचण्याची तेव्हा फॅशन होती. नायकासाठी म्स्तिस्लाव हे खरंखुरं जुनं राजनाव मिळालं. नायिकेला तसंच जुनं वाटणारं, पण कानाला गोड लागणारं काहीतरी हवं होतं. ‘स्व्येत्ली’ म्हणजे उजळ, लख्ख. त्याला त्याने ‘आना’ अशी शेपटी लावली. नवं कोरं नाव, पण ऐकणाऱ्याला वाटावं की हे कीएव्हच्या एखाद्या राजकन्येचं असणार.

आता ‘स्व्येत’ म्हणजे प्रकाश, आणि आपलं ‘श्वेत’. होय, ते एकाच मुळाचे आहेत. संस्कृतमधला ‘श’ तिकडे ‘स’ होतो. आपलं शत ते त्यांचं ‘स्तो’, आपलं दश ते त्यांचं ‘द्येस्यित’. म्हणजे स्वेतलाना आणि आपल्याकडची कुठलीही श्वेता लांबच्या नात्याने बहिणी लागतात. मात्र यावरून रशियन ही संस्कृतची लेक असल्याचे जे निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतात, ते कुणी मला पाठवू नयेत. लेक नाही, चुलत घराणं आहे, आणि दोघींची पणजी भलतीच कुणीतरी आहे.

वस्तोकवची कविता आज कुणी वाचत नाही. नाव जगलं ते दुसऱ्या कवीमुळे, आणि या दुसऱ्याची कहाणी तर पहिल्यावर ताण आहे.

वसीली झुकोव्स्कीचा जन्म १७८३ चा, तूला प्रांतातल्या मिशेन्स्कोये गावी. वडील अफनासी बूनिन हे तिथले जमीनदार. आई साल्हा, तुर्की बाई. रशिया-तुर्कस्तान युद्धात बेंदेरच्या किल्ल्यावरून पकडून आणलेली आणि बूनिनच्या घरी पोचती झालेली. तिचा बाप्तिस्मा करून तिचं नाव एलिझावेता ठेवलं आणि आडनाव दिलं तुर्चानिनोवा. म्हणजे जवळजवळ ‘तुर्कीणबाई’च. मुलाला बूनिन हे आडनाव मिळणार नव्हतं. घरात आश्रयाला असलेला एक गरीब उमराव होता, आंद्रेय झुकोव्स्की. त्याला धर्मपिता केलं, आडनाव त्याचं लावलं, आणि रशियन नावात मधे जे बापाचं नाव असतं तेही त्याचंच, आंद्रेयेविच. बाप त्याच घरात, त्याच जेवणाच्या टेबलावर, आणि मुलाच्या पूर्ण नावात त्याचा मागमूस नाही.

आपण मराठी माणसं हे नीट समजू शकतो. भारतात सगळीकडे मधल्या जागी बापाचं नाव लावत नाहीत. आपल्याकडे शाळेच्या पहिल्या दिवसापासून ते आपल्या नावात रुतून बसतं. फॉर्म भरताना ती मधली जागा ज्याला रिकामी सोडावी लागते, किंवा जिथे भलतंच नाव लिहावं लागतं, त्याला ती जागा किती मोठी असते ते विचारावं.

झुकोव्स्कीने जर्मन कवी ब्युर्गरच्या ‘लेनोरे’ या गाजलेल्या कथागीतावर आधी ‘ल्युद्मिला’ लिहिली होती, १८०८ साली. गोष्ट भुताची: युद्धावर गेलेला प्रियकर मध्यरात्री घोड्यावरून येतो, मुलीला घेऊन जातो, आणि लग्नाचा बिछाना म्हणजे थडगं निघतं. ते लोकांना आवडलं, पण कवीचं स्वतःचं समाधान झालं नसावं. तो त्याच सुमारास पुन्हा त्या गोष्टीकडे वळला आणि या वेळी त्याने ती पूर्ण रशियन केली. ‘स्वेतलाना’ १८१३ साली छापली गेली.

ती सुरू होते जानेवारीतल्या एका रात्री, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी. या रात्री मुली आपला नवरा कोण होणार ते पाहतात. पायातला जोडा काढून फाटकाबाहेर भिरकावतात, कोंबडीला मोजून दाणे घालतात, वितळलेलं मेण पाण्यात ओततात आणि त्याचे आकार बघतात, पाण्याच्या भांड्यात सोन्याची अंगठी आणि कानातली डूल टाकून गाणी म्हणतात. आपल्या हरतालिकेला मुली चांगला नवरा मागतात. या मागत नाहीत, डोकावून बघतात, आणि त्यात मजा आणि भीती अर्धी अर्धी. सगळ्या जणी खिदळताहेत आणि स्वेतलाना गप्प आहे. तिचा माणूस वर्षभर दूर आहे, पत्र नाही, निरोप नाही.

मैत्रिणींच्या आग्रहावरून ती खोलीत एकटी बसते. टेबलावर पांढरं कापड, दोघांचं ताट, आरसा आणि मेणबत्ती. बारा वाजता आरशात तो दिसायचा असतो. भीतीने तिला वर बघवत नाही. रातकिडा ओरडतो. दाराशी कुणीतरी हलकेच टकटक करतं. आणि तो येतोच, बाहेर घसरगाडी उभी असते, घोडे अधीर झालेले. बर्फातून गाडी सुटते, तो एक शब्द बोलत नाही. वाटेत चर्च लागतं, आत मधोमध शवपेटी. काळा कावळा गाडीवरून जातो. मग एकाएकी गाडी, घोडे, तो, सगळं नाहीसं, आणि ती एकटी एका झोपडीच्या दारात. आत पुन्हा शवपेटी. पांढरं कबुतर येऊन तिच्या छातीशी बसतं. प्रेत उठू लागतं, आणि ते त्याचंच असतं.

आणि मग तिला जाग येते. ती आरशासमोरच आहे, कोंबडा आरवलाय, उजाडतंय. थोड्या वेळाने खरोखरची गाडी अंगणात येते, त्यातून तो उतरतो, धडधाकट, प्रेमळ. लग्न होतं.

हा शेवट मला पहिल्या वाचनात फार बाळबोध वाटला होता. भुताची गोष्ट सांगायची आणि शेवटी ‘स्वप्न होतं’ म्हणायचं, ही पळवाट झाली. पण ही कविता कुणाला दिली हे कळल्यावर तो शेवट वेगळा दिसायला लागतो. झुकोव्स्कीच्या सावत्र बहिणीला दोन मुली होत्या, माशा आणि साशा प्रोतासोवा. माशावर त्याचं आयुष्यभराचं प्रेम होतं, आणि नात्याचं कारण देऊन तिच्या आईने ते लग्न होऊ दिलं नाही. (कागदोपत्री तो त्यांचा कुणीच नव्हता, नकार देण्याच्या वेळी मात्र मामा ठरला.) धाकटी साशा, म्हणजे अलेक्सांद्रा, त्याची लाडकी धर्मकन्या. तिचं १८१४ साली अलेक्सांद्र वोयेकव या लेखकाशी लग्न झालं आणि ‘स्वेतलाना’ ही कविता तिला लग्नाची भेट म्हणून मिळाली. हुंड्यासाठी कवीने आपलं गावही विकलं. कवितेच्या शेवटी तो तिला आशीर्वाद देतो: ‘माझ्या स्वेतलाना, असली भयंकर स्वप्नं तुला कधी ठाऊक न होवोत.’

आशीर्वाद फळला नाही. वोयेकव तापट आणि छळवादी निघाला. पीटर्सबर्गमधले कवी तिच्या बैठकीत येत, तिला सगळे स्वेतलानाच म्हणत, तिच्यावर कविता करत, आणि घरी ती रडत असे. क्षयाने १८२९ साली इटलीत गेली, चौतीसाव्या वर्षाच्या आत-बाहेर. या नावाने हाक मारली गेलेली खरीखुरी पहिली बाई हीच असावी, आणि तिचंसुद्धा ते खरं नाव नव्हतं.

त्याच काळात आणखी एका व्यक्तीला स्वेतलाना म्हणत: खुद्द झुकोव्स्कीला. १८१५ साली त्याच्या मित्रांनी ‘अर्झामास’ नावाचं टवाळ साहित्यमंडळ काढलं. भाजलेलं हंसाचं मांस खायचं, जुनाट भाषेच्या कैवाऱ्यांची टर उडवायची. प्रत्येक सभासदाला झुकोव्स्कीच्याच कथागीतांतून एक टोपणनाव. कोवळ्या पुश्किनला ‘रातकिडा’ हे नाव मिळालं ते या कवितेतूनच, आणि तिचा कर्ता झाला स्वेतलाना. दाढीमिशांच्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत ‘स्वेतलाना आता बोलेल’ असं कुणी म्हणत असेल, ही कल्पना मला अजून हसवते. त्या रातकिड्याने पुढे ‘येव्गेनी अनेगिन’मध्ये हे ऋण फेडलं. त्याची तात्याना ‘स्वेतलानासारखी उदास आणि अबोल’ आहे, आणि तिच्या भयंकर स्वप्नाच्या प्रकरणाला त्याने तोच आशीर्वाद शिरोभागी लावला आहे.

झुकोव्स्कीबद्दल मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. म्हातारपणी त्याने जर्मनवरून आपलं नल-दमयंतीचं आख्यान रशियन पद्यात आणलं. हरवलेला नवरा आणि त्याची वाट बघणारी बायको, त्याचा हा विषय काही सुटला नाही.

नाव गाजलं, पण मुलीला ठेवता येईना. झारशाहीतल्या रशियात नाव आईबाप ठेवत नसत म्हटलं तरी चालेल. ते बाप्तिस्म्याच्या वेळी संतांच्या पंचांगातून येई. स्वेतलाना नावाची संत नव्हती, तेव्हा त्या नावाची मुलगीही होऊ शकत नव्हती. तरीही एखादीने हट्ट धरलाच, तर चर्चच्या वहीत तिचं नाव ‘फोतिना’ असं लागे. ग्रीक ‘फोस’ म्हणजे प्रकाश, म्हणजे अर्थ तोच.

ही फोतिना कोण? योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई आहे. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहुदी माणसं शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. बायबलमध्ये तिला नाव नाही. पूर्वेकडच्या चर्चने तिला फोतिना म्हटलं, संत केलं, २ एप्रिल हा तिचा दिवस ठरवला. आणि हीच ती बाई, जिची गोष्ट १८८३ साली इंग्लंडमध्ये आपल्या पंडिता रमाबाईंना वाचून दाखवली गेली. फुलमच्या आश्रमात पतित मानलेल्या स्त्रियांना सिस्टर कशा सांभाळतात ते त्यांनी पाहिलं, याचं कारण विचारलं, तेव्हा उत्तर म्हणून हा अध्याय पुढे आला. रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात तो प्रसंग लिहून ठेवला आहे. पाणवठा, विटाळ आणि बाई हे तीन शब्द एकत्र आल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं काही समजावून द्यावं लागत नाही.

माणसांना नाकारलेलं हे नाव वस्तूंना मात्र सर्रास मिळालं. पीटर्सबर्गमध्ये स्वेतलाना छापाचे विजेचे दिवे निघाले, मग त्या कारखान्याचंच नाव स्वेतलाना झालं आणि तिथे रेडिओच्या व्हॉल्व्ह बनू लागल्या. १८५८ साली नौदलाच्या फ्रिगेटला ते नाव दिलं. या फ्रिगेटची हकिगत अशी, की ती मी कादंबरीत वाचली असती तर लेखकाला म्हटलं असतं, जरा आवर.

झुकोव्स्की उतारवयात राजपुत्राचा शिक्षक होता. तो राजपुत्र पुढे झार दुसरा अलेक्सांद्र झाला. कवीची मुलगी दरबारात वाढली, आणि झारचा मुलगा ग्रँड ड्यूक अलेक्सेय तिच्या प्रेमात पडला. या लग्नाला मान्यता मिळण्यातली नव्हती. १८७१ साली राजपुत्राची रवानगी लांबच्या समुद्रप्रवासावर झाली, अमेरिकेकडे, आणि जहाज होतं ‘स्वेतलाना’. तिकडे तो बफेलो बिलबरोबर गव्यांची शिकार करत हिंडला, आणि इकडे त्याच वर्षी नोव्हेंबरात कवीच्या मुलीला मुलगा झाला. बापाचं नाव लावता येईना म्हणून त्यालाही एक नाव बनवून द्यावं लागलं. आधी सान मारिनोकडून मिळालेली बॅरन सेज्जानो ही पदवी, मग काउंट बेलेव्स्की, आणि शेवटी बेलेव्स्की-झुकोव्स्की. आजोबाचं आडनाव नातवाला मिळालं खरं, पण तेही मुळात उसनंच.

फ्रिगेट पुढे व्लादिवोस्तोकला पोचली, आणि तिच्या मानार्थ १८७३ साली तिथल्या मुख्य रस्त्याला स्वेतलान्स्काया नाव दिलं. सोव्हिएत काळात त्याचा लेनिन रस्ता झाला, १९९२ मध्ये पुन्हा स्वेतलान्स्काया. याच नावाची दुसरी युद्धनौका १९०५ साली त्सुशिमाच्या लढाईत जपान्यांनी बुडवली. तिसरी क्रांतीनंतर ‘प्रोफिन्तेर्न’ झाली, नंतर ‘क्रास्नी क्रीम’. म्हणजे जहाजांकडून हे नाव काढून घेतलं गेलं ते नेमकं मुलींना ठेवायची मुभा मिळाली तेव्हा.

कारण क्रांतीने जन्मनोंद चर्चकडून काढून सरकारी कचेरीत नेली. पंचांग संपलं. विसाच्या दशकात लोकांनी मुलांना काय वाट्टेल ती नावं ठेवली: ऑक्टोबरवरून अक्त्याब्रीना, लेनिन उलटा करून निनेल, व्लादिमिर लेनिन जोडून व्लादलेना. ती नावं आज चेष्टेचा विषय आहेत. त्याच लाटेत स्वेतलानाही आलं, पण त्याच्यावर घोषणेचा शिक्का नव्हता. ते जुन्या कवितेतलं होतं, आजीलाही पाठ असलेलं, आणि तरीही चर्चचं नव्हतं.

आणि २८ फेब्रुवारी १९२६ रोजी जोसेफ स्टालिनला मुलगी झाली.

स्टालिन हेही बनवलेलंच नाव. मूळचा जुगाश्विली. ‘स्ताल’ म्हणजे पोलाद. मुलीला स्वतःचं नाव नीट म्हणता येत नसे, ती ‘सेतान्का’ म्हणायची. बाप तिला पत्रात ‘सेतान्का-मालकीणबाई’ म्हणे. हा एक खेळ होता: ती हुकूम काढायची, ‘मला थिएटरला न्यावं अशी आज्ञा करते’, आणि तो खाली ‘आज्ञा मान्य’ असं लिहून मालकीणबाईंचा गरीब सेक्रेटरी म्हणून सही करायचा. याच पेनाने तो त्या काळात आणखी कशावर सह्या करत होता ते जगाला माहीत आहे. तिची आई नादेझ्दा, नावाचा अर्थ आशा, १९३२ मध्ये स्वतःवर गोळी झाडून गेली. मुलीला सांगितलं आजार. खरं तिला दहा वर्षांनी एका इंग्रजी मासिकातून कळलं.

बाप गेल्यावर १९५७ मध्ये तिने स्टालिना हे आडनाव टाकलं आणि आईचं घेतलं, अलिलुयेवा. त्याच्या मुळाशी आहे चर्चमधला हालेलुया. पुढचा भाग आपल्या देशात घडला. १९६३ मध्ये मॉस्कोच्या इस्पितळात तिची ओळख ब्रजेश सिंह यांच्याशी झाली. उत्तर प्रदेशातल्या कालाकांकर संस्थानचे, कम्युनिस्ट, प्रकृतीने खंगलेले. पुढे ते मॉस्कोत प्रगती प्रकाशनातच अनुवादाचं काम करत होते, म्हणजे आमच्या घरातली ती पुस्तकं छापणाऱ्या संस्थेत. सरकारने लग्न नोंदवू दिलं नाही. १९६६ च्या ऑक्टोबरअखेर ते वारले. अस्थी गंगेत सोडायच्या म्हणून तिला भारतात यायची परवानगी मिळाली, आणि डिसेंबरात ती आली. कालाकांकरला गंगेकाठी राहिली. परतायची वेळ आली तेव्हा, ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी, दिल्लीत टॅक्सी करून ती अमेरिकन वकिलातीत शिरली. पुढे पुस्तकाच्या पैशातून तिने कालाकांकरला ब्रजेश सिंहांच्या नावाने दवाखाना उभा केला.

पण मला सांगायचंय ते अमेरिकेतलं. वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांची विधवा ओल्गिवाना ही मूळची माँटेनेग्रोची. तिला पहिल्या नवऱ्यापासून झालेली मुलगी होती, नाव स्वेतलाना. ती वेस्ली पीटर्स या वास्तुकाराशी लग्न करून १९४६ मध्ये मोटार अपघातात गेली. चोवीस वर्षांनी वर्तमानपत्रात दुसरी एक स्वेतलाना गाजतेय हे पाहून ओल्गिवानाने तिला ॲरिझोनाला बोलावून घेतलं. तिला वाटलं, नाव परत आलंय, म्हणजे मुलगी परत आलीय. अलिलुयेवाची आणि विधुर पीटर्सची गाठ पडल्यावर तीन आठवड्यांत लग्न झालं, १९७० च्या एप्रिलात. अपघातात गेलेल्या स्वेतलानाची जागा तिने भरावी अशीच सगळ्यांची अपेक्षा होती. तीनच वर्षांत घटस्फोट झाला. ती लाना पीटर्स म्हणून जगली आणि २०११ साली विस्कॉन्सिनमध्ये वारली.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहीत. माझ्या आईचंही लिहिलं. माहेरचं नाव मामा-मावश्यांपुरतं उरलं, आणि त्या गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. कागदोपत्री तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, तिनेही केली नाही. पण आधी होऊन गेलेल्या सुनेच्या जागी येणं म्हणजे काय, हे ओल्गिवानाच्या घराबद्दल वाचताना मला फारसं परकं वाटलं नाही.

हा सगळा इतिहास नावाच्या वाट्याला आला, तरी प्रत्यक्षात ते फार साधं झालं. तिसाच्या दशकापासून पुढची चाळीसेक वर्षं रशियात इतक्या स्वेतलाना झाल्या की ते नाव कानावर पडून विरून जाई. आमच्या रशियन बाई सांगत, शाळेत वर्गात चार-पाच स्वेता असायच्या, मोठी स्वेता, लाल रिबिनीची स्वेता, ती दुसरी स्वेता. आमच्या पिढीत वर्गावर्गात संगीता होत्या तसं. घरी लाडात स्वेतच्का किंवा स्व्येतिक, रागात स्वेत्का. ‘स्व्येतिक’ म्हणजे ‘माझा उजेड’, म्हणून तो ‘सोन्या’सारखाही वापरतात. चीजचा तुकडा चोचीत धरून बसलेल्या कावळीला कोल्हीण गायला लावते ना, ती रशियन कवितेत तिला ‘गा ना, स्व्येतिक’ असंच म्हणते. आता नव्या मुलींना हे नाव कमी ठेवतात. स्वेतलाना म्हणजे कचेरीतली काकू, अमुक पेत्रोव्ना. शेजारच्या देशांत त्याचे उच्चार बदलतात, युक्रेनमध्ये स्वित्लाना, बेलारूसमध्ये स्व्यातलाना. २०१५ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या अलेक्सियेविच त्यातल्याच. त्यांचा जन्म १९४८ चा, अगदी त्या चार-पाच स्वेतांच्या पिढीतला.

त्याच पिढीतली आणखी एक, स्वेतलाना साव्हित्स्काया. २५ जुलै १९८४ रोजी ती सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकाच्या बाहेर पडली आणि साडेतीन तासांहून अधिक वेळ तिथे राहून तिने धातू कापण्याची, जोडण्याची कामं केली. अंतराळात अशी बाहेर पडणारी ती पहिली स्त्री. त्याच स्थानकात त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा राहून आले होते. पण मला तिची आधीची फेरी जास्त आवडते, १९८२ ची. स्थानकावर आधीपासून असलेल्या पुरुषांनी ती आत येताच तिच्या हातात अॅप्रन दिला, की घे, स्वयंपाकघर तुझं. तिने सांगितलं, मी पाहुणी आहे, पाहुण्यांचं बघणं हे यजमानांचं काम.